पाय कुठे ठेवायचा?

माझ्या चुलतभावाच्या उजव्या घोट्यात दोन स्क्रू आहेत. त्यातला निदान एक माझ्या नावावर जमा धरायला हरकत नाही. गेल्या पावसाळ्यात ज्या फूटरेस्टने दगा दिला तो मी पुण्यात बसून, रात्री साडेअकराला, एक रिलीज संपल्याच्या आनंदात मागवला होता आणि परस्पर सावंतवाडीच्या पत्त्यावर पाठवला होता. वाढदिवसाची भेट म्हणून! तेव्हापासून डोक्यात हाच विषय घोळतोय, त्यामुळे या विकांताला दुसरं काही लिहून होणार नाही. ज्यांना दुचाकीत काडीचा रस नाही त्यांनी आज सुट्टी घ्यावी. :)

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं घर सावंतवाडीहून आंबोलीकडे जाताना दाणोलीच्या अलीकडे, रस्त्यापासून बरंच आत. खाली व्हाळ आणि व्हाळापासून घरापर्यंत जांभ्या दगडाची घाटी. घाटी म्हणजे पुण्या-मुंबईत ऐकू येणारी शिवी नव्हे, आमच्याकडे चढावरच्या दगडी पायवाटेला घाटी म्हणतात. मोजून बावीस पायर्‍या, एक दुसरीसारखी नाही. काही चार बोटं उंच, काही चांगल्या फूटभर. दोन्ही अंगाला गडगे. वर आंबोलीला वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला निम्मा आमच्याच घाटीवरून वाहून जातो अशी घरातल्या सगळ्यांची खात्री आहे. जून ते ऑक्टोबर तिथे हिरवंगार शेवाळ असतं. माणूस अनवाणी चालला तरी पायाची बोटं रोवून चालतो.

या घाटीवर आम्ही भावंडं लहानपणी सायकली चढवायचो. नियम साधा. पाय जमिनीला लागला की एक मार्क, दोनदा लागला की दोन, तीन किंवा जास्त वेळा लागला तर तीन आणि पडलात किंवा थांबलात की थेट पाच. ज्याचे मार्क सगळ्यात कमी तो जिंकला, ज्याचे जास्त त्याने सगळ्यांना सोलकढी आणून द्यायची. हा नियम कुणी आणला ते आठवत नाही, बहुधा मुंबईच्या एका भावाने कुठेतरी वाचलं असणार. कारण पुढे नोकरीला लागल्यावर कळलं की जगात या प्रकाराला ट्रायल्स म्हणतात, त्याची विश्व अजिंक्यपद स्पर्धा असते आणि मार्क अगदी असेच देतात. टोनी बू नावाचा एक स्पॅनिश बाबा २००७ ते २०२४ एकही वर्ष न सोडता ती जिंकलाय. त्याची घाटी आमच्यापेक्षा थोडी अवघड असते इतकंच.

आणि हा सगळा परदेशी शौक आहे असं समजू नका. आपली बुलेट, म्हणजे रॉयल एनफील्ड, याच मातीतली. मागच्या चाकाला स्विंगिंग आर्म असलेली बुलेट १९४८ साली पहिल्यांदा इंग्लंडमधल्या ट्रायल्समध्येच उतरवली होती. जॉनी ब्रिटन हा त्यांचा स्वार १९५२ आणि १९५७ साली स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल बुलेटवर जिंकला. त्याची आठवण म्हणून कंपनीने २०१९ साली भारतात 'बुलेट ट्रायल्स' नावाची गाडी काढली आणि ती लवकरच बंदही झाली. दिसायला झकास होती, पण वजन पावणेदोनशे किलोच्या वर. खरी ट्रायल्सची गाडी सत्तर किलोच्या आसपास असते. आमच्या घाटीवर बुलेट न्यायची म्हणजे खाली उतरवायला गडी लागतात, वर न्यायला देव लागतो.

असो. मुद्दा फूटरेस्टचा.

ट्रायल्सच्या गाडीला सीट जवळजवळ नसतेच. चालवणारा पूर्ण वेळ उभा. म्हणजे माणूस आणि गाडी यांची गाठ चार ठिकाणी, दोन मुठी आणि दोन फूटरेस्ट, आणि त्यातही सगळं वजन पायांवर. मुठी फक्त दिशेपुरत्या. उभं राहिल्याने गुरुत्वमध्य खाली येतो असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. तो खाली येत नाही, उलट वर जातो, उभे राहिलात तर आणखी काय होणार! फायदा वेगळाच आहे. बसलेला माणूस गाडीला चिकटलेला असतो, गाडी डावीकडे कलली की तोही कलतो. उभा असला की गुडघे आणि घोटे मधे सांध्यासारखे येतात, गाडी खाली हवी तशी वाकडी होते आणि माणूस वर सरळ राहतो. आमच्या धंद्यात याला लूज कपलिंग म्हणतात आणि इंटरव्ह्यूमध्ये विचारतात. इथे तेच तत्त्व, फक्त चुकलं तर बग रिपोर्ट येत नाही, एक्सरे येतो.

आता आपल्या रोजच्या गाड्यांचे फूटरेस्ट बघा. दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची लोखंडी दांडी, वर रबर. बसून चालवायला उत्तम. इंजिनाची थरथर रबर गिळतं, पाय आरामात राहतो. त्यावर उभं राहून दहा मिनिटं दगडांतून जा, तळव्याच्या मधोमध वळ उठतो. आणि पावसात त्या रबरावर लाल चिखल बसला की साबण लावल्यासारखा पाय सुटतो. म्हणून ऑफरोडचे फूटरेस्ट पाच-सहा सेंटिमीटर रुंद आणि कडेला करवतीसारखे दात असलेले. बुटाचा तळ त्यात रुतून बसतो.

हे एवढं मला माहीत होतं. त्यामुळे भावाने दोनशे सीसीची ऑफरोड गाडी घेतली तेव्हा मी जालावर शोधून सगळ्यात रुंद, सगळ्यात लांब, चकचकीत निळ्या रंगाचे ॲल्युमिनियमचे फूटरेस्ट धाडले. वजनाला हलके! फोटोत तर असे दिसत होते की विचारू नका. परीक्षणांत पाच तारे.

श्रावणातली संध्याकाळ, भाऊ घाटी उतरत होता. वरून सातवी पायरी, फूटभराची. पुढचं चाक खाली गेलं, मागचं धप्पकन आलं, तो दोन्ही पायांवर उभा होता आणि उजवा फूटरेस्ट बिजागरीपाशी कटकन तुटला. वाकला नाही, आधी आवाज केला नाही, तुटला. पाय सरळ खाली जमिनीवर, गाडी पुढे सरकतेच आहे, आणि घोटा गाडी आणि गडग्याच्या मधे. पुढचे तीन महिने कुबड्या. त्याने मला एका शब्दाने काही म्हटलं नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

तुटलेला तुकडा घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो. सावंतवाडीत त्यांचं वेल्डिंगचं छोटं दुकान आहे, गेट, ग्रील, नांगराचे फाळ, सगळं करतात. त्यांनी तुकडा चष्म्याजवळ नेऊन पाहिला. तुटलेला भाग राखाडी आणि दाणेदार होता, जुनी साखर दिसते तसा.

"ह्या ओतलेला असा," म्हणाले. "लोखंड वाकतला. वाकला तर मी सरळ करून दितलंय. ह्या फुटला. फुटल्याचा मी काय करू?"

मी म्हटलं, "काकानू, पण हलका होता."

"हलका कित्याक व्हया? तू त्याच्यार उभो रवतलंस ना?"

एवढी इंजिनीयरिंगची पदवी घेऊन मी जो हिशोब केला नव्हता तो घरी येऊन केला. ऐंशी किलोचा माणूस एका पायावर आला तर ८०० न्यूटन. पाय बिजागरीपासून पाच सेंटिमीटरवर असेल तर तिथे पिळवटणारा जोर ४० न्यूटन-मीटर. फूटरेस्ट लांब घेतला आणि पाय बाहेरच्या टोकाला, नऊ सेंटिमीटरवर गेला, तर ७२. म्हणजे लांबी आवडली म्हणून मी जोर जवळपास दुप्पट केला. वरून पायरी उतरतानाचा धक्का वजनाच्या दोन-तीन पट धरा, आकडा दोनशेच्या वर जातो. मागच्या चाकाचा नट आवळतानाही सहसा याच्या निम्मा जोर लागतो. आणि हे सगळं पेलायचं कुणी, तर एका पिनेने आणि ओतीव ॲल्युमिनियमच्या दोन कानांनी.

सगळं ॲल्युमिनियम वाईट असं म्हणत नाही मी. घडवलेलं, म्हणजे ठोकून किंवा ठोकळ्यातून कापून काढलेलं, चांगलं असतं, परदेशी स्पर्धेच्या गाड्यांना असतंही. टायटॅनियमचेही मिळतात, एका जोडीत आपल्याकडे बर्‍यापैकी मोबाईल येईल. पण ओतीव आणि घडीव हा फरक फोटोत दिसत नाही, आणि स्वस्तात मिळणारं बहुतेक ओतीवच असतं. माझं मत आता पक्कं आहे. आपल्यासारख्यांनी लोखंडच घ्यावं, आणि आपल्या घरापासून पाच किलोमीटरच्या आत जो माणूस वेल्डिंग करतो त्याला जे दुरुस्त करता येईल तेच घ्यावं. स्टेनलेस गंजत नाही हे खरं, वेंगुर्ला-शिरोड्याकडे खार्‍या वार्‍यात राहणार्‍यांनी त्याचा विचार करावा, पण ते नीट जोडायला आर्गन वेल्डिंग लागतं आणि ते प्रत्येक टपरीवर नसतं. साधं लोखंड तीनशे-चारशे ग्रॅमने जड पडेल. आपलं स्वतःचं पोट आधी बघावं आणि मग गाडीचे ग्रॅम मोजावेत.

पुण्यातल्या मित्रांना हे सांगितलं की ते विचारतात, मग कुठला ब्रँड घेऊ? अरे बाबांनो, आधी तुमच्या गाडीचे आहेत ते उलटे करून बघा. बर्‍याच ऑफरोड गाड्यांच्या फूटरेस्टवर रबराची टोपी असते आणि खालून एक-दोन बोल्ट असतात. रबर काढलं की खाली दात असलेला लोखंडी फूटरेस्ट तयारच असतो. फुकट! हायवेवर थरथर जाणवेल, तेव्हा परत लावा. निम्म्या लोकांचा प्रश्न इथेच सुटतो. ज्यांचा नाही सुटत त्यांनी पुढचं वाचा.

जागा. ट्रायल्सच्या गाडीचे फूटरेस्ट खाली आणि मागे असतात, म्हणून सगळ्यांना आपले खाली घ्यावेसे वाटतात. यात तथ्य आहे. हीरोने २०२३ साली एक्सपल्स २०० ४व्ही सुधारली तेव्हा फूटरेस्ट ३५ मिलिमीटर खाली आणि ८ मिलिमीटर मागे नेले. कागदावर किरकोळ वाटतं, पण उंच माणसाला उभं राहिल्यावर जे ओणवं व्हावं लागतं ते बरंच कमी होतं. माझा भाऊ पाच फूट अकरा, त्याला ते हवं होतं. मी पाच फूट पाच, मला नको. शिवाय ट्रायल्सची गाडी पोटाखाली फूटभर उंच आणि अंगाने सडपातळ असते, तिला खाली घेणं परवडतं. आपल्या गाडीचे आणखी खाली घेतले तर घाटीच्या पायरीला तेच आधी लागतात. आणि ब्रेकचं पॅडल आहे तिथेच राहतं, म्हणजे पाय खाली आणि पॅडल वर. उतारावर मागचा ब्रेक दाबायला टाच उचलावी लागली तर बोंबलाच.

म्हणून आधी नमुना करून बघावा. सावंतवाडीत लाकडी नमुन्याला काय तोटा! चितारआळीत लाकडाची फळं, खेळणी, पाट सगळं मिळतं, पण मला लागले ते वखारीतले दोन ठोकळे. ते ट्यूबच्या रबरपट्ट्यांनी फूटरेस्टच्या ब्रॅकेटला वेगवेगळ्या उंचीवर बांधले, गाडी दोन गडग्यांच्या मधे उभी करून भावाला वर चढवलं (तोवर कुबड्या गेल्या होत्या, आई मात्र पूर्ण वेळ ओरडत होती) आणि डोळे मिटून उभा राहायला सांगितलं. गुडघे किंचित वाकलेले, हात सैल, बोटं न शोधता ब्रेकवर. वीस मिलिमीटर खाली, दहा मागे. त्यापुढे प्रत्येक वेळी तो ब्रेक शोधायला लागला. आकडा मिळाला.

मग मिस्त्री. पाच मिलिमीटरची पट्टी वाकवून चौकट केली, आत आडवी दांडी, कडेला करवतीने दात. लांबी मुद्दाम मूळ फूटरेस्टइतकीच. दातांवर मी म्हटलं अजून टोकदार करा, तर त्यांनी भावाच्या पायाकडे बोट दाखवलं. पायात रबरी चप्पल. कोकणात जून ते सप्टेंबर बूट घालून कोण फिरतो? टोकदार दात चपलेच्या आरपार जातात, आणि पाय सुटला की पोटरीला आणि नडगीला जे होतं ते इथे लिहीत नाही. शेवटी दात कानशीने मारून बोथट केले, चार टोकांचे तेवढे तीक्ष्ण ठेवले. आणि घाटीवर चप्पल बंद, अशी भावाकडून शपथ घेतली. शपथेचं काय होतंय ते बघू.

बिजागरीकडे कुणीच बघत नाही, मीही नव्हतं बघितलं. फूटरेस्ट दगडाला आपटला तर वर आणि मागे दुमडला पाहिजे आणि लगेच स्प्रिंगने परत आला पाहिजे. आमच्या लाल मातीचा गाळ त्या फटीत बसला की सिमेंटसारखा होतो, फूटरेस्ट वर जातो तो परत येतच नाही आणि तुम्ही हवेत पाय ठेवता. मिस्त्रींनी फट मुद्दाम थोडी मोकळी ठेवून खालून पाणी निघायला भोक पाडलं. घाटीवरून आल्यावर पाण्याचा एक फवारा मारायचा, बस. जुन्या गाड्यांमध्ये उलटा रोग असतो. पिन आणि भोक झिजून फूटरेस्ट बाहेरच्या टोकाला खाली कलतो. दहा अंश कलला तरी ओला पाय बाहेर घसरतो. त्याला नवीन फूटरेस्ट नको असतो, टेकणार्‍या जागी वेल्डिंगचा एक टाका आणि थोडं ग्राइंडिंग पुरतं. तुमची गाडी सात-आठ वर्षांची असेल तर आजच खाली वाकून बघा.

एक गोष्ट मात्र मी आईला न विचारता केली होती. डावीकडचा मागचा लांबरुंद फूटरेस्ट, साडीवाल्या बायका एका बाजूला बसतात तेव्हा पाय ठेवतात तो, गडग्याला घासत होता म्हणून साडीगार्डसकट काढून टाकला. पोरांमध्ये हे काढणं ही फॅशनच आहे, गाडी 'क्लीन' दिसते म्हणे. मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसायची सोय असलेल्या गाडीला धरायला मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण हवंच. नियम मी नंतर वाचला. त्याआधी मंगळवारी बाजाराला निघालेली आई गाडीपाशी येऊन थांबली, खाली बघितलं आणि म्हणाली, "आणि मी माझे पाय खंय ठेवू?"

याला माझ्याकडे काय उत्तर होतं? वर्षातले तीनशे दिवस ती गाडी आईला बाजारात, काकीला दवाखान्यात आणि गॅसचा सिलिंडर घरी नेते. घाटी उरलेल्या दिवसांची. फूटरेस्ट निवडताना मी आधी टोनी बूकडे बघितलं, आईकडे नाही.

मिस्त्रींनी तो लांब फूटरेस्ट आणि साडीगार्ड दोन-दोन बोल्टांवर बसवून दिलं, पाच मिनिटांत निघतं, पाच मिनिटांत लागतं. बोल्टांना चौदाचा पाना लागतो. तो मी सीटखाली बांधून ठेवलाय. सगळ्या कामाचे त्यांनी नऊशे रुपये घेतले, माझ्या निळ्या जोडीच्या निम्म्याहून कमी.

दिवाळीनंतर घाटी वाळल्यावर भाऊ पहिल्यांदा वर चढला. मी खाली व्हाळात उभा, मार्क मोजायला. चौदाव्या पायरीवर डावा पाय टेकला, एक. वर पोचून त्याने गाडी बंद केली आणि ओरडून विचारलं, "दादा, किती?" मी म्हटलं एक. तर म्हणतो पाय टेकलाच नाही, गडग्याला नुसता लागला. त्यावरून आमचं अजून भांडण चालू आहे. सोलकढी कुणी आणायची ते ठरलेलं नाही.